लोकं म्हणजे कोण?

रत्नाच्या रागाची सगळ्या खोऱ्यात ख्याती होती. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंध घाटाकडे तोंड करून बसलेल्या एका वाडीत ती राहायची. पण तिचा आवाज चढला की खालच्या वाडीतही कळायचं, आज कुणाची तरी धडगत नाही. लग्न होऊन आली तेव्हा सासू कपाळाला हात लावून म्हणायची, "तोंडाची फटकळ पदरात पडली." पुढं तीच सासू रेशनच्या दुकानात भांडायची वेळ आली की हिलाच पुढं घालू लागली.

हा राग तिनं माहेराहून आणला होता. आठवीनंतर शिकायचं तर भोरला जावं लागे आणि संध्याकाळी परतायला गाडी नसे. बाप म्हणाला, "पोरीच्या जातीला अंधारातनं कोण आणणार चालत?" भावाला वसतिगृहात ठेवलं. हिचं दप्तर फळीवर गेलं आणि ही भाताच्या खाचरात. शाळेत भावापेक्षा ही हुशार होती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोललं नव्हतं. नवरा मिळाला तो मात्र गरीब गायीसारखा. माऊली कामथडीजवळ हायवेवरच्या हॉटेलात भटारखाना सांभाळायचा, आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा आणि बायकोच्या भांडणांची हकीगत जेवता जेवता ऐकायचा.

करोनानंतर खोऱ्यातली संध्याकाळची एसटी बंद झाली ती पुन्हा सुरू होईना. कॉलेजात जाणाऱ्या पोरी एकेक करून घरी बसल्या. त्यांच्यातल्या एकीचं लग्न ठरल्याचं कानावर आलं तेव्हा रत्नाचं टाळकं सरकलं. ती वाड्यावाड्यांतल्या बाया गोळा करून भोरला गेली आणि स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीपुढं मांडी घालून बसली. साठी उलटलेली धोंडाबाई तिच्या शेजारी बसली, बाकीच्या मागं. डेपोचे साहेब येऊन समजावून गेले, पोलीस येऊन गेले. बाया हलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात गाडी सुरू झाली.

मग आला डोंगर. वाडीच्या वर पुण्याच्या लोकांसाठी फार्महाऊसचे प्लॉट पाडायला सुरुवात झाली. काम घेतलं होतं कुमारनं. त्याच्याकडं पोकलेन होते, डंपर होते आणि खोऱ्यातली निम्मी तरणी पोरं त्याच्याकडं कामाला होती. डोंगर खरवडला तसं वाडीच्या झऱ्याला लाल पाणी येऊ लागलं. रत्ना हंडा घेऊन वर गेली आणि तो हंडा तिनं कुमारच्या पांढऱ्या गाडीवर उपडा केला. मग पोकलेनपुढं जाऊन उभी राहिली.

"वहिनी, बाजूला व्हा. मशीनला डोळं नसतात," कुमार म्हणाला.

"तुला तरी कुठं हायत?" ती म्हणाली.

गावसभा झाली, तक्रारी झाल्या, तहसीलदार येऊन पाहून गेले. काम थांबलं. त्या दिवसापासून कुमार तिला रस्त्यात दिसला की गाडीची काच वर करायचा.

एवढं सांगायचं कारण, पुढं जे झालं ते ह्याच माणसाशी येऊन भिडलं.

वर्षानुवर्षं लांबलेली पंचायत समितीची निवडणूक अखेर लागली. खोऱ्याचा गण, म्हणजे मतदारसंघ, महिलांसाठी राखीव निघाला. खोऱ्यात एक आघाडी होती. सत्तेतल्या पार्टीविरुद्ध ती दर खेपेला लढायची आणि दर खेपेला पडायची. तिचे पुढारी कुंडलिक मास्तर. निवृत्त शिक्षक, स्वच्छ धोतर, स्वच्छ हात. मास्तरांना एका गोष्टीचा अभिमान होता. ते म्हणायचे, "त्यांचा उमेदवार बंद खोलीत ठरतो. आपला कार्यकर्ते ठरवतील, उघड्यावर, हात वर करून."

उमेदवार कोण, याची कुणाला शंकाच नव्हती. रत्नाला बाया आधीच "म्याडम" म्हणून चिडवू लागल्या होत्या. माऊलीनं तर सुट्टी टाकून तिच्यासाठी नासरापूरच्या बाजारातून निळी साडी आणली.

बैठक देवळापुढच्या मांडवात भरली. रत्ना पोचली तर पुढच्या रांगेत कुमार बसलेला. शेजारी त्याची बायको सोनिया, डोक्यावर पदर, नजर खाली. सत्तेतल्या पार्टीनं कुमारच्या बायकोला तिकीट नाकारलं होतं आणि रातोरात त्याला आघाडीची तत्त्वं पटली होती.

मास्तर उठले. घसा साफ केला. "रत्ना म्हणजे सोनं. तिनं केलं ते आपल्यातल्या कुणालाच जमलं नसतं. पण मंडळी, सोन्याच्या फाळानं नांगरट होत न्हाई. किती वेळा पडायचं आपण? कुमाररावांकडं माणसं हायेत, गाड्या हायेत. यंदा जिंकायचंच असंल तर सोनियाताईंचा विचार करावा लागंल."

रत्नाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग ती उभी राहिली. "मास्तर, हा डोंगर खाणारा माणूस. त्याच्याशी तर भांडलो आपण!"

"मला पटतंय गं. अगदी मनापासून पटतंय. पण लोकं मत देणार न्हाईत तुला."

"लोकं म्हणजे कोण?"

मास्तरांनी हात हवेत फिरवला. त्या हातात सगळं खोरं आलं आणि कुणीच आलं नाही.

सलीमभाई खोऱ्यातलेच, आघाडीचे जुने हितचिंतक. त्यांचं भोरला पंप दुरुस्तीचं दुकान होतं आणि गाडीपुढं बसलेल्या बायांना त्या दिवशी चहा त्यांनीच पाजला होता. तेही म्हणाले, "रत्नाताई, माझं मन तुमच्याकडंच हाय. पण बाजारात हवा वेगळी हाय."

हात वर करायला सांगितले. रत्नासाठी थोडे वर झाले, तेही अर्धेमुर्धे, डोकं खाजवावं तसे. सोनियासाठी मांडवभर हात उठले. त्या हातांत धोंडाबाईचा हात होता. हिरव्या बांगड्यांचा, सुरकुतलेला, खांद्यापर्यंत ताठ. सोनिया मात्र आपल्या नावासाठी उठलेल्या हातांकडं बघतसुद्धा नव्हती. ती पायाच्या अंगठ्यानं जाजमाची कड उलगडत होती.

रत्ना मांडवातून निघाली ती थेट घरी आली. निळी साडी सोडून तिनं कोपऱ्यात भिरकावली आणि त्या संध्याकाळी चूल पेटवली नाही. माऊलीनं स्वतः पिठलं टाकलं. "खा दोन घास. राजकारण आपलं काम न्हाईच," तो म्हणाला.

"मग कुणाचं काम हाय? ज्याच्याकडं पोकलेन हाय त्याचं?"

माऊलीनं ताट तिच्याकडं सरकवलं.

सकाळी ती धोंडाबाईच्या खळ्यावर जाऊन उभी राहिली. धोंडाबाई नाचणी पाखडत होती. रत्नाला बघून सूप तिच्या हातातच राहिलं.

"आत्या, तुमचा हात वर बघितला म्या."

"बये, माजं मत तुलाच हुतं गं. देवाशपथ. पण बाकीच्या बाया तुला देणार न्हाईत म्हणल्या. मग म्हणलं, वाया कशाला घालवायचं?"

"कोण म्हणलं? नाव सांगा."

"बनाबाई म्हणत हुती."

रत्ना वाडीतल्याच बनाबाईकडं गेली. बनाबाई म्हणाली, "मला तर तूच पायजे हुतीस. पण खालच्या वाडीची लोकं ऐकणार न्हाईत ना." रत्ना खालच्या वाडीत गेली. तिथं ओट्यावर बसलेली माणसं म्हणाली, "आमचं काय न्हाई ओ, आमी तुमचेच. पण वरच्या वाडीत तुमाला विरोध हाय म्हणं." मग एसटीनं भोरला जाऊन तिनं सलीमभाईंना गाठलं. ते मोटारीची वायर गुंडाळत म्हणाले, "मी दिलं असतं, ताई. हिंदू मतदार काय करतील, त्याची खातरी नव्हती." आणि गावातले हिंदू म्हणत होते, भोरकडच्या गावांतली मुसलमान मंडळी पैसेवाल्यामागं जातील.

संध्याकाळी वाडीच्या पारापाशी ती थांबली तेव्हा तिचे पाय दुखत होते आणि कानशिलं तापली होती. नेहमीची माणसं पारावर होती, धोंडाबाईही होती.

"सगळं खोरं पालथं घातलं म्या," रत्ना म्हणाली. तिचा आवाज अजून चढला नव्हता, म्हणून माणसं जास्तच घाबरली. "परत्येकाला मीच पायजे हुते. आणि परत्येकजण सांगतोय, लोकांना नको हाय. ही लोकं ऱ्हात्यात कुठं? त्यांचा उंबरा दाखवा मला! त्यांच्या पाया पडते, त्यांच्याशी भांडते. पण दिसू तर द्या! तुमी एकमेकांच्या नावानं भिताय आणि त्याला शहाणपण म्हणताय. मी नको असं म्हणत असाल तर तोंडावर म्हणा, रत्ना, तू आमाला नको. ते सोसंल मला. हे सोसत न्हाई."

पारावरची माणसं एकेक करून उठली.

ती मास्तरांच्या घरी गेली, पुन्हा बैठक घ्या म्हणाली. मास्तरांनी चष्मा पुसला. "अर्ज भरून झाला गं. आता मागं फिरलो तर हसं होईल आपलं."

अपक्ष उभं राहायला अजून वेळ होता. माऊली म्हणाला, "भर तू अर्ज. होईल ते होईल." तिनं विचार केला. आपण उभं राहिलो तर मतं फुटणार. मतं फुटली की सत्तेतली पार्टी येणार, आणि डोंगराच्या कामाला परवानगी द्या म्हणून वर खटपट करणारी तीच. कुमारला निदान चारचौघांत जाब तरी विचारता येईल. कोण जिंकेल, कोण पडेल, याचा हिशेब आपणही तसाच मांडतोय, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःचा इतका संताप आला की हातातलं लाकूड तिनं उंबऱ्यावर आपटून मोडलं. पण अर्ज भरला नाही.

उलट ती प्रचाराला निघाली. मास्तरांनी विनवलं, बायांसमोर बोलायला सोनियाबरोबर कुणीतरी हवं होतं. पहिल्याच सभेत तिनं कुमारला माइकपुढं उभं केलं आणि विचारलं, "डोंगराला हात लावणार न्हाई, म्हणा." कुमार हसला, हात जोडले, म्हणाला, "वहिनींचा शब्द मोठा." शब्द काही त्यानं दिला नाही. टाळ्या मात्र पडल्या.

उन्हात एका वाडीहून दुसरीकडं जाताना सोनिया गाडीतून उतरून तिच्याबरोबर चालू लागली. पहिल्यांदाच ती आपणहून बोलली. "ताई, मला वाटलेलं बैठकीत तुमचंच नाव येणार. ह्यांनी आदल्या दिवशी फक्त साडी कुठली नेसायची ते सांगितलं."

"आणि तुला विचारलं न्हाई?"

"मला कोण विचारतंय?"

रत्नाला वाटलं, हिच्यावर ओरडावं. मग तिनं तिच्याकडं नीट पाहिलं आणि तिला जवळची पाण्याची बाटली दिली. म्हणजे उमेदवारालासुद्धा स्वतःची उमेदवारी नको होती.

मतदान झालं. भोरला मोजणी झाली. सोनिया पडली. आघाडी मागच्या खेपेला पडली होती त्याहून वाईट पडली. कुमारकडं कामाला असलेल्या पोरांनी पगार त्याचा घेतला आणि मतं आपल्या मनानं दिली. वरच्या वाड्यांतल्या बायांचं मतदान तर निम्म्यावर आलं होतं. "कुणाला द्यायचं? दोन्हीकडं डोंगर खाणारीच," म्हणून त्या नाचणी वाळवत घरी बसल्या होत्या.

मोजणीच्या मांडवाबाहेर माणसं सुतकी चेहऱ्यानं उभी होती. मास्तर जवळ आले. "रत्ना, आता वाटतंय, तू असतीस तर..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही.

"खबरदार!" रत्ना ओरडली. आजूबाजूचे पोलीससुद्धा वळून बघू लागले. "पुन्यांदा ते बोलू नका, मास्तर. जिंकायसाठी तुमी खरेपण विकलंत. बरं विकलंत. पण जिंकलात का? ना हे हातात, ना ते! माझ्याबरोबर पडला असता तर निदान मान वर करून घरी गेला असतात. आता काय तोंड घेऊन जाताय?"

धोंडाबाई पदर तोंडाला लावून रडू लागली. रत्नानं तिला जवळ घेतलं नाही. तेवढं मोठं मन तिच्याकडं त्या दिवशी नव्हतं, आणि ते असल्याचं सोंग तिला कधीच जमलं नाही.

महिन्याभरात डोंगरावर पुन्हा कुमारचं मशीन चढलं. कुमार आघाडीतून गेला, ते कळवायचीही तसदी त्यानं घेतली नाही. रत्ना वर गेली. या खेपेला तिच्या मागं माणसं कमी होती. धोंडाबाई मात्र काठी टेकत आली आणि दगडावर बसून राहिली. दोघी बोलल्या नाहीत. काम एका बाजूनं थांबलं, दुसऱ्या बाजूनं चालू राहिलं. भांडण अजून मिटलेलं नाही.

परवा मास्तर तिच्या अंगणात आले होते. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ येतेय. म्हाताऱ्यानं चप्पल बाहेर काढली, ओटीवर बसायलाही संकोचला. "तू उभी ऱ्हाशील का, विचारायला आलो."

"ऱ्हाते," ती म्हणाली. "पण बैठकीत एकच विचारायचं. तुला स्वतःला कोण पायजे? शेजाऱ्याला कोण पायजे, हे जो बोलंल त्याला मांडवातनं उठवायचं. मग तो सलीमभाई असू दे न्हाईतर तुमी."

"आणि पडलीस तर?"

"पडले तर माझ्या नावानं पडीन. दुसऱ्याच्या नावानं पडून बघितलं की आपण."

मास्तरांनी होकाराची मान हलवली. तिनं त्यांना चहा दिला, पण शेजारी बसली नाही. खुरपं उचललं आणि पावट्याच्या वावराकडं निघून गेली.