विहिणीसाठी चार विभक्त्या

अख्ख्या राजस्थानात आइसलँडिक व्याकरणावर वाद घालायला एकच माणूस तयार होता, आणि तो जयपूरच्या बनी पार्कात आमच्या शेजारी राहत होता. हे काका मूळचे सातारचे, विमा कंपनीतले अधिकारी. वादाला दुसरा कोणी नाही, याची त्यांना कधी अडचण वाटली नाही. सायबर कॅफेतून छापून आणलेली नामांची रूपं त्यांनी फ्रीजवर, आरशावर, अगदी देवघराच्या दारावरही डकवली होती. भाजी घेताना मध्येच ते क्रियापद चालवायला लागत, तेव्हा भाजीवाला घाबरून म्हणे, "बाबूजी, रेट आप ही लगा लो." आम्हाला ते छाती फुगवून सांगत, "तिकडेही तीन लिंगं आहेत. हिंदीवाले दोनांतच दमतात. आपला निम्मा अभ्यास पाळण्यातच झालेला असतो."

या वेडामागे त्यांची लेक होती. शिकायला आइसलँडला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न ठरवून बसली. लग्न जयपुरात होणार होतं, आणि मुलाच्या आईला इंग्रजीचा गंध नव्हता. इतक्या लांब पोरीला जीव लावणारं कोणी असेल तर ती हीच बाई, हे काकांनी ओळखलं होतं. लेक म्हणाली, "बाबा, मतलब, मी सांगेन ना त्यांना." काका तडकले. "विहिणीची विचारपूस दुभाष्याकरवी करू? मग बाप कशाला हवा?"

विहीणबाई आल्या आणि दोन दिवस नुसत्या अवघडून बसून राहिल्या. काकांनी पाठ केलेलं स्वागताचं भाषण त्यांना पाहताच साफ उडालं. लग्नाच्या दिवशी नवरदेवासाठी सजवलेली घोडी दारात आली, तशा या शेतावर वाढलेल्या बाई उठल्या आणि तिची मान थोपटू लागल्या. काका धावले. तोंडातून निघाला तो व्याकरणाचा पहिला धडा, "हेर एर हेस्तुर." म्हणजे हा घोडा. घाबरून पुढचंही म्हणाले, "उम हेस्त." घोड्याविषयी. बाई वळल्या आणि शाळेतल्या मुलीसारख्या सुरात म्हणाल्या, "फ्रा हेस्ती, तिल हेस्त्स." घोड्यापासून, घोड्याकडे. तिकडची पोरंही त्यांच्या चार विभक्त्या अशाच घोकतात म्हणे. मग दोघांनी मिळून घोडा पहिल्यापासून चालवला. काकू कानात पुटपुटल्या, "अहो, ती घोडी आहे." पण ऐकतंय कोण? बाईंनी हसत हसत डोळे पुसले, काकांचा हात धरला आणि बँडपुढे नाचायला ओढलं. नवरदेवापेक्षा काकाच जास्त मिरवले. मला त्यांचा भलताच अभिमान वाटला.

पुढे दर रविवारी विहीणबाईंचा फोन यायचा. काका खणखणीत आवाजात त्यांच्या मेंढ्यांची, थंडीची, गुडघ्यांची चौकशी करत. मग पलीकडे लेक फोन घ्यायची. तिच्याशी मराठीत बोलायला मात्र त्यांना शब्द सापडत नसत. "जेवलीस का?" एवढंच विचारून ते फोन काकूंच्या हातात देत.