नवसाचा दुसरा पाय

एव्हान्थिया तशी फटकळच. ग्रीसमधल्या कार्पाथोस बेटावरच्या दवाखान्यात ती एकतीस वर्षं एक्स-रे काढत होती. बरे झालेले लोक मध, चीज, अंडी आणून द्यायचे ते डॉक्टरांना. आत फोटो काढणारी बाई कोण, याची कुणाला पडलेली नव्हती. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं ती म्हणायची. साफ खोटं!

एका फेब्रुवारीत आर्गिरो आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, लेमोनियाला, उचलून घेऊन आली. पोरगी पायरीवरून नुसती घसरली आणि गुडघ्याखालचं हाड मोडलं. फोटोत मोडल्या जागी हाड पोकळ दिसत होतं. नवखा डॉक्टर गडबडून म्हणाला, "वाईट गाठ असू शकते. रोडस बेटावरच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल." आणि वाऱ्यामुळे बोट तर बंद.

"पाय कापतील का हो तिचा?" आर्गिरोनं एव्हान्थियाचा हातच धरला. डॉक्टरला विचारायची तिची छाती होईना.

"अगं बाई, आधी रडणं थांबव. पोरगी बघतेय!" एव्हान्थिया खेकसली. पण तिची नजर फोटोवर होती. पोकळीच्या मधोमध हाडाची एक बारीक कपची दिसत होती.

"डॉक्टर, पाय नीट बांधलाय. टेबल उभं करून अजून एक काढू द्या."

तिनं पोरीला कमरेशी पट्ट्यानं सांभाळून टेबल हळूहळू उभं केलं. "हलू नकोस हं, माझी बाय." नव्या फोटोत कपची पोकळीच्या तळाशी जाऊन बसली होती.

डॉक्टरनं रोडसच्या हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हातारे पलीकडून ओरडलेच, "खाली आली? मग आत पाणी आहे! भरीव गाठ असती तर कपची हलली असती का? साधी पाण्याची गाठ आहे ती. प्लास्टर घाला, बोट सुरू झाली की फोटो पाठवा. आणि काय हो, दुसरा फोटो कुणाला सुचला?"

डॉक्टरनं तिचं नाव सांगितलं. आर्गिरो एव्हान्थियाच्या हातांचे मुके घेत सुटली.

ऑगस्टमध्ये मेरीमातेच्या सणाला लेमोनिया आपल्या पायांनी चर्चची चढण चढून गेली. दुसऱ्या दिवशी मायलेकी एक्स-रेच्या खोलीत हजर. आर्गिरोनं टेबलावर नवसाचा चांदीचा पाय ठेवला.

"वेड लागलंय का तुला? हा मेरीमातेला वाहायचा!"

"तिला वाहिला की कालच. हा तुमचा. पोरीला उभं करून फोटो काय तिनं काढला?"

"तोंड आवर, पाप लागेल!" एव्हान्थिया ओरडली, आणि डोळे पुसत तो पाय भिंतीवर टांगायला खिळा शोधायला लागली.