साळवेबाईंची रांग

साळवेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या चालता चालता जेवत होत्या. डब्याचं झाकण डाव्या तळहातावर, त्यात अर्धी भाकरी आणि लसणाची चटणी, आणि बाई शाळेच्या पटांगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होत्या. मी त्या दिवशी नोकरीवर रुजू व्हायला आले होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, भाकरीचा एक तुकडा मोडून पुढे केला आणि म्हणाल्या, "घे. मिलोची आहे. बसून खाल्ली तर घशात अडकते, चालत खाल्ली की उतरते."

बाहत्तरचा दुष्काळ सरून पाऊस झाला होता, पण दुकानांतलं धान्य काही परतलं नव्हतं. रेशनवर मिलो नावाची परदेशातली लाल ज्वारी मिळायची. तिची भाकरी तव्यावरच तडकायची आणि दुपारपर्यंत वातड व्हायची. साखर संपली की गुळाचा चहा, आणि गुळाने दूध नासतं म्हणून तो कोराच. डालडा तर बाजारातून जणू पळूनच गेला होता. गोडेतेल आज ज्या भावाने घेतलं त्या भावाने उद्या मिळेल याची खात्री कुणी देत नव्हतं. सातपूरच्या कामगारवस्तीला लागून असलेल्या आमच्या शाळेत सकाळी प्रार्थनेला रांगा लावल्या की एखादं पोर हमखास खाली बसायचं. त्याला उठवून पाणी पाजायचं काम साळवेबाईंचं होतं. ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

बाई तेव्हा चाळिशीच्या आसपास असतील. उंच, काटक, काळ्यासावळ्या, सुती पातळाचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. मूळच्या येवल्याकडच्या एका खेड्यातल्या. लग्न केलं नव्हतं. आईला सोबत घेऊन वस्तीतच एका खोलीत राहायच्या. वर्गात त्यांची खुर्ची पाट्या ठेवायच्या कामाची. त्या खिडकीपासून फळ्यापर्यंत आणि फळ्यापासून दारापर्यंत सतत फिरत शिकवत. बोलणं वर्गात अगदी पुस्तकी शुद्ध, आणि चिडल्या की थेट गावाकडचं. त्यांचा कान नेहमी रस्त्याकडे असे. कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे त्यांना मुलांच्या तोंडावरून कळायचं. "उपाशी पोराला धडा शिकवता येत नाही, शैला," त्या मला म्हणायच्या, "नुसता ऐकवता येतो."

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचा चौथीचा वर्ग ओसरू लागला. आधी दोन-चार मुली यायच्या थांबल्या, मग मुलगे. आजारपणाची साथ असेल असं आम्हाला वाटलं. कमल नावाची एक मुलगी होती, वर्गात सगळ्यात पुढे. तीही दिसेना, तेव्हा बाई मधल्या सुट्टीत तिच्या घरी गेल्या. घराला कुलूप होतं. वडील पाळीवर, आई एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायला. शेजारणीने सांगितलं, की कमल रेशनच्या दुकानावर असेल.

ती तिथेच होती. तीच नव्हे, जवळजवळ अख्खा वर्ग तिथे होता. आईबाप कामावर गेले की रांग धरायला घरात दुसरं कोण? रॉकेलचे डबे, पिशव्या आणि त्यांच्यामागे पोरं, अशी ती रांग दुकानापासून कोपऱ्यावरच्या वर्कशॉपच्या भिंतीपर्यंत गेली होती. दुकान कधी उघडेल हे कुणाला ठाऊक नसायचं. नुसता डबा ठेवून गेलं तर कुणीतरी तो मागे सरकवायचं, म्हणून मागे माणूस हवं. बाईंनी कमलला विचारलं, शाळेत कधी येशील? कमल म्हणाली, गहू मिळाला की.

दुसऱ्या दिवशी बाई फळा घेऊन निघाल्या. तो गुंडाळायचा कापडी फळा होता. हेडगुरुजींनी त्यांना दारात अडवलं. ते वाईट नव्हते, फक्त भित्रे होते. वर्ग शाळेबाहेर नेला तर वर काय सांगायचं, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "गुरुजी, वर्ग आधीच बाहेर गेलाय. मी फक्त त्याच्यामागे जाते."

वर्कशॉपच्या भिंतीला त्यांनी फळा टांगला आणि रांगेतच शिकवायला सुरुवात केली. रांग पुढे सरकली की फळा पुढच्या खिळ्यावर. पाढे, कविता, नकाशा, सगळं रांगेतच. सुरुवातीला बायका हसल्या. मग त्यांच्यातल्या काही जणी पोरांबरोबर पाढे म्हणू लागल्या. एका म्हाताऱ्या आजींनी स्वतःचं नाव लिहून मागितलं आणि ते दिवसभर बोटाने भिंतीवर गिरवलं. दुकानदार शेठलाही आधी कौतुक वाटलं असावं, त्याने बाईंसाठी स्टूल पाठवलं. बाईंनी त्यावर कुणाच्या तरी लहान बहिणीला बसवलं. पण रोज एक शिकलेलं माणूस दाराशी उभं असणं त्याला लवकरच जड जाऊ लागलं. तराजूकडे बाई बघायच्या. पाटीवर 'गहू आला' लिहिलं की किती आला, कुठवर पुरेल, हे मोठ्याने विचारायच्या. बाकीच्यांनाही मग विचारायची सवय लागली.

एके दिवशी हेडगुरुजींनी मला बाईंना बोलवायला पाठवलं. मी पोचले तेव्हा दुपार होती. दुकानाचं दार अर्धं लोटलेलं, पाटीवर 'गहू संपला' असं लिहिलेलं, आणि रांगेतल्या बायका रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालत होत्या. काही मुकाट्याने निघाल्याही होत्या. तेवढ्यात कमलने हात वर केला. वर्गात शंका विचारावी तशी तिने विचारलं, "बाई, गहू संपला, तर मागच्या गल्लीत पोती कसली भरतायत?"

बाई तरातरा गल्लीत गेल्या. आम्ही मागोमाग. एका हातगाडीवर पोती रचलेली होती आणि वर ताडपत्री टाकायचं काम चाललं होतं. बाईंनी हमालाला विचारलं, हे कुठं चाललंय? तो शेठकडे बघू लागला. शेठ म्हणाला, तुम्ही पाढे शिकवा बाई, धंद्यात लक्ष घालू नका. बाई क्षणभर नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी चाकावर पाय दिला, वर चढल्या आणि पोत्यांवर जाऊन बसल्या.

मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

शेठचा आवाज चढला. तो बरंच बोलला. त्यात एक वाक्य असं होतं, की तुमच्यासारख्यांच्या हातात खडू दिला की हेच होणार. 'तुमच्यासारख्यांच्या' म्हणजे कुणाच्या, हे गल्लीतल्या प्रत्येकाला कळलं.   बाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग कमलची शेजारीण पुढे आली आणि हातगाडीच्या दांड्याला धरून उभी राहिली. तिच्यामागे आणखी बायका. पोरं चाकांना टेकून बसली. कुणीतरी सायकलवरून पुरवठ्याच्या इन्स्पेक्टरला सांगायला गेलं. तो येईपर्यंत कारखान्यांचे भोंगे झाले, पाळी सुटली, आणि घरी निघालेले कामगारही डबे हातात घेऊन गल्लीत थांबले. आता शेठला गाडी हलवणं शक्यच नव्हतं.

इन्स्पेक्टर आला, त्याने पोती एकेक करून पुन्हा दुकानात न्यायला लावली आणि समोर उभं राहून गहू वाटायला लावला. दिवेलागणीपर्यंत वाटप चाललं. रांग कुणी मोडली नाही. बाईंच्या खालचं शेवटचं पोतं निघायची वेळ आली तेव्हा दोघी जणींनी त्यांना हात देऊन खाली उतरवलं.

मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेले. त्यांच्या धाडसाबद्दल मी काहीतरी भारावून बोलत होते. त्या थांबल्या.

"धाडस कसलं? माझ्या पायातला जीवच गेला होता गं. उभं राहवेना म्हणून बसले. खाली बसले असते तर त्यानं गाडी काढली असती, म्हणून वर बसले."

 खोलीच्या दाराशी आल्यावर त्या आपणहून सांगू लागल्या. लहानपणी त्यांच्या गावी वाण्याच्या दुकानाला पायऱ्या होत्या. त्यांच्या आईला त्या चढायची परवानगी नव्हती. खाली रस्त्यावर पदर पसरून उभं राहायचं आणि सगळी गिऱ्हाइकं झाली की वाणी वरून ज्वारी टाकायचा. अर्धी पदरात, अर्धी मातीत. मातीतली ज्वारी आई आणि त्या दोघी मिळून वेचायच्या. "आम्ही रांगेत शेवटी नव्हतो, शैला. आम्ही रांगेतच नव्हतो," त्या म्हणाल्या. "म्हणून मला रांग लय मोठी गोष्ट वाटते. कुणाच्या मागं कोण उभं, ते कुणी विचारत नाही. पण मग रांग खरी पाहिजे."

आत त्यांच्या आई दिव्याशी गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

पुढे शेठचं दुकान काही दिवस बंद राहिलं, आणि मग त्याच्याच मेहुण्याच्या नावाने उघडलं. बाईंच्या हातात मात्र बदलीचा हुकूम पडला. सुरगाण्याच्या बाजूची डोंगरातली शाळा. कारण लिहिलेलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. वस्तीतल्या बायका कचेरीवर जायला निघाल्या तेव्हा बाईंनीच त्यांना परत फिरवलं. एक दिवसाचा रोज बुडवून माझ्यासाठी भांडू नका, त्याच्यात एक वेळचं जेवण होतं, असं म्हणाल्या. त्या निघाल्या तेव्हा आम्ही चार-सहा जणीच स्टँडवर होतो. कमलची आई कॅन्टीनमधून अर्ध्या तासाची सुट्टी मागून आली होती. बाई एस.टी.त आईला खिडकीशी बसवून स्वतः पुन्हा खाली उतरल्या, मला कुठल्या मुलाला भागाकार जमत नाही ते सांगत राहिल्या, कंडक्टरने घंटी दिल्यावर दारातून वर चढल्या. त्यांच्या मागे रांगेतला वर्ग बंद झाला. काही मुलं शाळेत परत आली. काही आली नाहीत. कमल आली.

त्यानंतर भेटी कमी झाल्या. त्या सुट्टीत नाशिकला आल्या की घाईघाईत डोकावून जायच्या, तिकडच्या नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ ठेवून जायच्या. मग दहा-बारा वर्षांनी कळलं, की त्या आजारी आहेत आणि नाशिकरोडला भावाच्या घरी आल्या आहेत. मी रविवारी भेटायला गेले. त्या पलंगावर होत्या, अंगात काही उरलं नव्हतं, पण पांघरुणाखाली पाय सारखे हलत होते. माझ्या संसाराची चौकशी दोन वाक्यांत उरकून त्यांनी विचारलं, तूरडाळ काय भावाने आहे?

आजारी माणसाला कशाला खरं सांगायचं, म्हणून मी थोडा कमी भाव सांगितला.

"खोटं सांगतेस," त्या म्हणाल्या.

मी खरा भाव सांगितला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप लागली. पण त्या विचार करत होत्या. जरा वेळाने म्हणाल्या, "तुझ्या वर्गातली मुलं सकाळी जेवून येतात का?"

मी म्हटलं, आता पूर्वीसारखे दिवस नाहीत बाई, येत असतील जेवून.

"येत असतील?" त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "विचारलंस?"

मी त्यांचं पांघरूण सारखं करू लागले.

"उद्या सोमवार आहे. विचार."

त्याच महिन्यात साळवेबाई गेल्या. ती बातमी मला शाळेतच कळली. पण त्यांनी सांगितलेल्या त्या सोमवारी, हजेरी झाल्यावर, मी पुस्तक न उघडता मुलांना विचारलं होतं, की आज सकाळी कोण कोण जेवून आलंय, त्यांनी हात वर करा. काही हात लगेच वर गेले. काही शेजारच्याकडे बघून गेले. मधल्या बाकावरच्या एका मुलीने हात अर्धाच उचलला, खाली घेतला, पुन्हा उचलला. मी तिच्याजवळ जाऊन विचारलं, काय गं, जेवलीस की नाही?

ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, कोरा चहा धरायचा का?"