एका जागी न बसणारी आत्या

माझ्या आत्याला बसून जेवताना मी कधी पाहिलं नाही. ताटली हातात धरून ती दिवाळे गावातल्या आमच्या घरातून अंगणात जाई, एक घास खाई, वाळत टाकलेले बोंबील चाचपी, शेजारणीशी दोन शब्द बोले आणि ताटली कुठेतरी विसरून येई. ती शोधणं माझं काम. "गावली का गो? भात हाय अजून त्यात," ती हसत ओरडे.

मीही तिच्याच वळणावर गेले होते. वर्गात बाकावर टिकत नसे, पाटी रोज हरवे. तिसरीत असताना बाईंनी घरी निरोप धाडला. वडील होडीवर गेलेले, म्हणून आत्याच मला घेऊन शाळेत आली.

"पोरगी हुशार आहे हो," बाई म्हणाल्या, "पण सांगितलेलं ऐकूच येत नाही जणू. यंदा तिसरीतच ठेवावी म्हणते."

"ऐकू येतं बाई, सगलंच येतं," आत्या म्हणाली. "तुमचं बोलनं, भायेरचा कावला, खाडीतलं इंजिन. त्यातलं काय धरावं ते तिला कलत नाय. माजं बी तसंच होतं. मार खाऊन खाऊन मी शालाच सोडली." बोलताना ती हसत होती, पण माझा हात तिने घट्ट आवळला होता.

बाईंनी समोरचं हजेरीपुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "काय करू या हिचं?"

"मधी मधी उठवा. हातपाय चालले का डोकं थाऱ्यावर येतं."

बाईंनी मनावर घेतलं. घंटा देणं, माठ भरणं, फळा पुसणं माझ्याकडे आलं. संध्याकाळी आत्या बोंबील काठीवर अडकवी आणि मला तिच्यामागे फिरत पाढे म्हणायला लावी. "मला कुटं येतात? चुकलीस तर तुलाच कलंल," म्हणे. मी चौथीत गेले. पुढे शिकून वाशीच्या शाळेत शिक्षिका झाले.

तिथे एका शिबिरात डॉक्टरीणबाईंनी आम्हाला अशा मुलांविषयी समजावलं. ही मुलं आळशी नसतात, ढ नसतात. लक्ष एका जागी धरणं त्यांना खरंच जड जातं. पुष्कळदा ते घराण्यातच असतं. त्याला एक लांबलचक इंग्रजी नावही होतं. मी तिथून थेट दिवाळ्याला गेले.

आत्याने निम्मंच ऐकलं. नाव उच्चारून पाहिलं, जमेना तेव्हा खो खो हसली आणि किनाऱ्याला होडी लागली म्हणून उठून चालू लागली. दारातून वळून म्हणाली, "नाव मिलालं ते बरं झालं गो. आता पोरांना नावं ठेवनं तरी थांबंल."