वायपर चालू असल्याची नोंद

माझ्या वडिलांची मोटार ‘नादुरुस्त’ ठरवून आठ दिवसांत आवारातून हलवावी, अशी नोटीस अष्टमी गावातील आमच्या सोसायटीने मला बजावली. कारण एकच नमूद होते: वायपर बंद. मी चार पानी उत्तर दिले आणि गाडी घेऊन थेट पेण गाठले.

या मोटारीचे वायपर विजेवर नव्हे, तर इंजिन हवा खेचते त्या ओढीवर चालतात. ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते आणि ते थबकतात. हा दोष नव्हे, ती रचनाच आहे. हवेची रबरी नळी तेवढी चिरली होती. पेणच्या वृद्ध मिस्त्रींनी ती बदलली.

“विजेची मोटर टाकू काय? मग कटकटच नाय,” ते म्हणाले.

मी ठाम नकार दिला. कोणाच्या अज्ञानापायी मी वडिलांची गाडी बदलणार नव्हतो.

परतल्यावर पाहणीला सोसायटीचे सचिव स्वतः चालकाच्या जागी बसले आणि त्यांनी इंजिन सुरू केले. मी काचेवर पाणी ओतले. वायपर हलताच त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. वायपर थांबले.

“काका, गेले की हो! बोलावू भंगारवाल्याला?”

“आधी पाय काढा.”

त्यांनी पाय काढला. वायपर सपासप फिरले, काच लख्ख झाली.

“बरं, राहू दे गाडी,” ते हसत म्हणाले.

“तोंडी चालणार नाही. लिहून द्या.”

बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी लिहिले: ‘वायपर सध्या चालू.’ त्यातला ‘सध्या’ मी त्यांना खोडायला लावला आणि खोडलेल्या जागी त्यांची सही घेतली.