गोलाईतलं बॅरिकेड

रस्त्यावर बॅरिकेड दिसलं की मला माझा खोटेपणा आठवतो. दिवाळीत लातूरच्या गोलाईच्या बाजारात चारचाकीला बंदी होती. साडीच्या दुकानापर्यंत चालायला नको म्हणून धडधाकट आईला मी मागच्या सीटवर झोपवलं आणि पोलिसाला म्हणालो, "पेशंट हाय, साहेब." आत आकाशकंदिलांच्या हातगाड्यांमध्ये माझी कार अशी अडकली की पुढे जाईना, मागे येईना. बॅरिकेडपासून माझ्या मागेच असलेल्या रिक्षातली बाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन ओरडत होती, "लई दम लागलाय यांना, वाट द्या हो!" हातगाडीवाल्यांना हात जोडून मी रडकुंडीला आलो. शेवटी कार तिथंच सोडून मी आणि रिक्षावाल्यानं तिच्या नवऱ्याला उचलून दवाखान्यात पळत नेलं. नवऱ्याला ऑक्सिजन लावल्यावर ती बाई मला म्हणाली, "दादा, पोलिसाला सांगताना ऐकलं मी, तुमची आजारी आई गाडीतच राहिली की! त्यांना आणा आधी." "ताई, आई ठणठणीत हाय," मी म्हणालो. "मी खोटं बोलून आत शिरलो. मला माफ करा."