करंगळी आणि पडद्यावरचा ठिपका

"डोळे मिटा आणि टोचलं की सांगा," डॉक्टर म्हणाले. मी डोळे मिटले. बराच वेळ काही टोचलंच नाही. आता सुरुवात तरी कधी करणार, असं विचारायला मी डोळे उघडले, तर उजव्या करंगळीवर रक्ताचे तीन बारीक थेंब आले होते.

डॉक्टरांनी माझं कोपर मागून चाचपलं आणि सांगितलं, "लेप्रसी आहे." मी विज्ञानाचा पदवीधर, शब्द कळला होता. तरी ते मराठीत म्हणाले, "म्हणजे महारोग." शेजारच्या खुर्चीवर माझी थोरली बहीण बसली होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मी मुंबईहून रजा काढून अकोल्याला ताईकडे आलो होतो. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवरचं दूध उतू जायला लागलं, म्हणून मी पातेलं उचलून खाली ठेवलं. ताई माझ्या हाताकडे बघतच राहिली.

"काहून रे, तुले पोयलं नाई काय?"

करंगळीखाली टम्म फोड आला होता. मी म्हणालो, मशीनवर काम करून हात राकट झालाय.

"खुर्चीवर बसून हात राकट होते काय? मले येडी समजतं काय तू? चाल अमरावतीले."

तिच्या यजमानांना अमरावतीचे हे डॉक्टर माहीत होते, म्हणून आम्ही तिथे गेलो.

माझं मशीन म्हणजे खोलीभर पसरलेला कम्प्युटर. तेव्हा १९६७ साल होतं, तो बघायला मंडळी चपला काढून येत. त्याला एक जॉयस्टिक जोडलेली होती, म्हणजे हाताच्या मुठीत मावेल अशी उभी दांडी. समोरच्या पडद्याच्या काचेवर एक ठिपका पळायचा आणि दांडी हलवून दुसऱ्या ठिपक्याने त्याला गाठायचं, हे माझं काम. कम्प्युटर रिअल टाइम होता. दांडी हलली की ठिपका त्याच क्षणी हलायचा. ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "याचा पगार देतेत?"

दांडीखाली एक बटण होतं. हाताचा जोर कमी असेल तर ते पुढे फिरवायचं, मग थोड्या धक्क्यालाही ठिपका जास्त धावायचा. प्रत्येकाने आपापल्या हाताला जुळवून घ्यायचं आणि आपला आकडा टेबलावरच्या चिठ्ठीत पेन्सिलीने लिहायचा, अशी आमची रीत. माझा आकडा चार होता.

अमरावतीहून आम्ही एस.टी.ने परतलो. घरी मी जेवायला बसताना माझं ताट आपणहून कोपऱ्यात नेलं. तिने ते ओढून आपल्या ताटाला लावून ठेवलं.

"डॉक्टरनं सांगतलं काय येगळं बसाले?"

"नाही."

"मंग?"

मी इतका रडलो की तिची पोरं पानावरून उठून गेली.

डॉक्टरांनी स्किन स्मिअर केलं होतं. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन त्यातला द्रव काचेवर घेतात आणि त्यात जंतू दिसतात का बघतात. निकालाला चार दिवस होते. तिसऱ्या दिवशी माझ्या जागी बसणाऱ्या वसंताचं पत्र आलं. त्याला थट्टा करायची होती. "तुझा आकडा बदलायचा विसरलो आणि दांडीला नुसता हात लावला, तर ठिपका काचेबाहेर. नऊवर काम करतोस? हात आहे की काय आहे?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. चाराचे पाच, पाचाचे सहा मीच केले होते. ठिपका मागे पडायला लागला की दांडीची स्प्रिंग घट्ट झाली म्हणायचो. बोटं बधिर वाटली तर खोलीतल्या गारव्याला दोष द्यायचो. प्रत्येक वेळी बटण फिरवून पुन्हा ठिपका गाठायचो आणि साहेब शाबासकी द्यायचे. हात कमजोर होत होता हे कम्प्युटर रोज मला दाखवत होता, आणि मीच रोज ते पुसत होतो.

निकालाच्या दिवशी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं.

"किती महिने?" त्यांनी विचारलं.

"सात."

ते म्हणाले, "तेव्हाच आला असतात तर करंगळी वाचली असती. आता बाकीचा हात वाचवू." स्मिअरमध्ये जंतू नव्हते, माझ्यापासून कोणाला लागण होणार नव्हती. कोपरामागून करंगळीकडे जाते ती अल्नर नर्व्ह, ती शीर सुजली होती. डॅप्सोनच्या गोळ्या काही वर्षं घ्यायच्या, बोटं रोज तेल लावून सरळ करायची आणि गरम वस्तू फडक्याशिवाय धरायची नाही.

मुंबईला आल्यावर साहेबांना खरं सांगितलं. ते खुर्ची मागे सरकवून बसले. कामावरून काढतील असं वाटलं, पण डॉक्टरांची चिठ्ठी वाचून त्यांनी मला ठेवून घेतलं. हे उपकार मी विसरणार नाही.

तेव्हापासून रोज सकाळी मी बटण चारवर आणतो, एक मिनिट दांडी धरतो आणि ठिपका किती मागे राहतो ते वहीत लिहितो. पहिल्या दिवशी तो इतका मागे राहिला की मला शरम वाटली. ज्यांच्या बोटांना बधिरपणा येतोय त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की कारणं शोधत बसू नका, कोणाला तरी हात दाखवा. मला ताई भेटली म्हणून चार बोटं राहिली.

परवा इथल्या, मुंबईच्या डॉक्टरांनी वही पाहिली. गेले आठ महिने ठिपका जेवढा मागे राहायचा तेवढाच राहतो आहे. "रोग थांबलाय," ते म्हणाले. बाहेर येऊन मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो. मग ताईला कार्ड टाकलं. तिचं उत्तर एका ओळीचं आलं, "पातेलं फडक्यानं धरतं ना?"

धरतो, ताई.